हंगामाआधी धंद्याच्या सुरक्षेचं नियोजन: जिनिंग, दालमिल, कृषी केंद्रवाल्यांनी इथे बोलावं

गाठप्रेस | २२ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वणी भागात आमचं जिनिंग-प्रेसिंग आहे आणि रस्त्याच्या कडेला कृषी केंद्र. सध्या मशिनी उघडून ठेवल्या आहेत, फिटर रोलर घासतोय. दिवाळीनंतर गाड्या लागल्या की कुणाला बोलायला फुरसत नसते, म्हणून हा विषय आत्ताच काढतोय.

आपल्या भागातले धंदे सुरक्षेवर पैसा खर्च करतात, पण घटना घडल्यावर. गावात चोरी झाली की कॅमेरे येतात. शेजारच्या तालुक्यात जिनिंग जळालं की लाल सिलिंडर येतात. विमा तर बँकेनं मागितला म्हणून निघतो. एवढं असूनही धंदे बसतात. कारण सगळ्यात मोठा घाव कुठे बसेल, कोणत्या महिन्यात बसेल, त्या वेळी आधी काय वाचवायचं आणि हुकूम कुणाचा चालेल, हे एकदा बसून कुणी ठरवलेलंच नसतं. खरेदीचं नियोजन आपण करतो, बँकेच्या सीसीचं, म्हणजे कॅश क्रेडिटचं, करतो, मजुरांच्या उचलीचं करतो. सुरक्षेचं नियोजन त्याच बैठकीत व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

जिनिंगचंच घ्या. कापसात खडा, खिळा, विळ्याचा तुकडा येतोच. तो डबल रोलरमध्ये गेला की ठिणगी पडते आणि रुई ओढणाऱ्या हवेच्या पाइपातून थेट पुढच्या ढिगात जाऊन बसते. बाहेर यार्डात ट्रॅक्टरचा सायलेन्सर, कुणाची बिडी, डोक्यावरून गेलेली विजेची तार. कापसाच्या गंजीला, म्हणजे मोठ्या ढिगाला, आग लागली की आधी वरच्या वर सरसर पळते, मग आत शिरते. वरून मारलेलं पाणी ओघळून जातं आणि आत धुमसत राहतं, म्हणून गंजी फोडावीच लागते. दाबलेली १७० किलोची रुईची गाठ बाहेरून विझलेली दिसते आणि दोन दिवसांनी पुन्हा पेटते. आगीतून काढलेल्या गाठी चांगल्या गाठींजवळ ठेवायच्या नसतात. हे फिटरला माहीत असतं, मुकादमाला माहीत असतं, तरी नुकसान होतं.

एका मार्चात आमच्याच पट्ट्यातल्या एका जिनिंगची आग मी जवळून पाहिली. पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला, आणि ते बरोबरच केलं. पण त्यासरशी पाण्याची मोटारही बंद पडली, कारण तिची लाइन त्याच बोर्डावरून घेतलेली. माणसं बादल्यांनी पाणी काढायला लागली. नगरपरिषदेचा बंब आला तेव्हा फाटकात गाठी भरलेला ट्रक आडवा, ड्रायव्हर ढाब्यावर जेवायला आणि चावी त्याच्या खिशात. टाकी होती, पाइप होते, सिलिंडर होते, कॅमेरेही चालू होते. मोटारीला वेगळी लाइन आणि फाटक मोकळं, एवढं दोनच गोष्टींचं आधी ठरलं असतं तर निम्मा माल हाती लागला असता, असं तिथलाच फिटर सांगत होता.

आम्ही यासाठी एक वही केली आहे. पहिल्या पानावर तीन नावं: मी, दिवाणजी आणि रात्रपाळीचा मुकादम. मालकाला न विचारता मेन पाडायचा, लाइन थांबवायचा, गंजी फोडायला जेसीबी बोलवायचा अधिकार मुकादमाला लेखी दिलेला आहे. उगाच थांबवलं गेलं तरी त्याच्या पगाराला हात लागणार नाही, हेही त्याच पानावर आहे. रात्री दोन वाजता मालक फोन उचलेपर्यंत वाट पाहणारा मुकादम आळशी नसतो, तो घाबरलेला असतो. ती भीती मालकानंच काढायची असते.

तुमच्याकडे काय केलं जातं? प्रत्येक धंद्याचं वेगळं असणार, म्हणून विचारतोय.

तूरडाळ_अकोला | २२ ऑगस्ट, रात्री १०:१५

मुकादमाला लेखी अधिकार, हे फार पटलं. आमच्या दालमिलमध्ये आगीपेक्षा दुसरा धोका मोठा निघाला. सगळा कारभार एका मुनीमजींच्या डोक्यात. जीएसटीचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, बँकेचा पासवर्ड त्यांच्याकडे, कोणत्या अडत्याचे किती द्यायचे तेही त्यांनाच ठाऊक. माणूस सोन्यासारखा, प्रश्न प्रामाणिकपणाचा नव्हताच. ऐन तुरीच्या आवकेत ते दवाखान्यात भरती झाले आणि आमचे चुकारे, म्हणजे मालाचे द्यायचे पैसे, अडकले. तेव्हापासून मोबाइल नंबर फर्मच्या नावाचा, तो फोन ऑफिसातच राहतो आणि प्रत्येक कामाला दुसरा माणूस शिकवून ठेवलेला असतो. सुरक्षेत मी हे सगळ्यात वर धरतो.

खेडाखरेदी | २३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

राजेहो, हे सारं मोठ्या जिनिंगवाल्याले ठीक हाये. आमी चार गावात खेडा खरेदी करतो. एक गाडी, एक काटा, दोन हमाल. आमचं काय नियोजन? गल्ला सांभाळला, कुलूप लावलं, झालं. कागद लिवून चोर थांबते काय? आन् जे व्हायचं असते ते कागदात नसतेच. पूर येईन म्हणून लिवून ठेवा, त भाव पडते. भाव पडन म्हणून लिवा, त गाडी बंद पडते.

गाठप्रेस | २३ ऑगस्ट, सकाळी ८:३०

भाऊ, कागदानं चोर थांबत नाही हे कबूल. पण मला सांगा, तुमची रोकड कोणत्या दिवशी, कोणत्या रस्त्यानं आणि किती वाजता जाते हे गावात किती जणांना माहीत आहे? बँकेतून पैसे काढायचे, त्याच रस्त्यानं त्याच गाडीत, त्याच बाजाराच्या दिवशी न्यायचे. व्यापाऱ्यांना रस्त्यात अडवून लुटलं जातं ते अंदाजानं नव्हे, पाळत ठेवून. शक्य तितका चुकारा शेतकऱ्याच्या खात्यात टाकायचा, रोख फक्त ज्याला लागतंच त्याच्यापुरती, दिवस आणि वाट बदलती, आणि किती रोकड आहे हे हमालांसमोर बोलायचं नाही. हे ठरवायला पैसा लागत नाही.

दुसरं, तुम्ही म्हणता तसं ठरवलेलं घडत नाही, भलतंच घडतं. मान्य. पण पूर असो की आग की लूट, आधी कुणाला फोन, आधी काय उचलायचं, दुसऱ्या दिवशी धंदा कुठून चालवायचा, हे प्रश्न तेच राहतात. त्यांची उत्तरं आधी ठरलेली असली की भलतं घडलं तरी हातपाय गळत नाहीत.

खेडाखरेदी | २३ ऑगस्ट, सकाळी ९:१०

रस्त्याचं खरं हाये. आमची गाडी कवा निघते ते पानठेल्यावाला बी सांगते. खात्यात टाकाले शेतकरी तयार नसते, त्याले तवाच नगदी पाहिजे, बँकेत गेलं की कर्जात कापतीन म्हणून भेते. पण अर्धे त ऐकतीन. पाहतो.

विमा_पाहणी | २३ ऑगस्ट, दुपारी १:२०

मी विमा दाव्यांच्या पाहणीचं काम करतो. अमरावती विभागात बरंच फिरणं होतं. नाव लिहीत नाही, पण लोक कुठे अडकतात ते सांगतो, कारण ते पाहून फार वाईट वाटतं.

पहिली गोष्ट, विमा कमी रकमेचा. बँक बरेचदा आपल्या कर्जापुरता विमा काढून घेते आणि मालक समजतो की सगळं झाकलं गेलं. समजा जानेवारीत तुमच्या आवारात ४ कोटींचा माल आहे आणि विमा २ कोटींचा. आगीत ४० लाखांचा माल गेला. मालकाला वाटतं, २ कोटींचा विमा आहे, ४० लाख तर मिळणारच. मिळतात साधारण २० लाख. निम्म्या मालाचाच विमा होता, म्हणून भरपाईही निम्मी. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आली, एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल त्यांच्यासाठी, आणि त्यावर ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. त्यांत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत सोडून दिली जाते. पण निम्म्याची तफावत कोण सोडणार? ज्यांचा साठा हंगामात फुगतो आणि जूनमध्ये शून्यावर येतो, त्यांनी एजंटला डिक्लेरेशन पद्धत विचारावी. त्यात ठरावीक काळानं प्रत्यक्ष साठा कळवायचा असतो. हे ऑगस्टात विचारायचं, आग लागल्यावर नाही.

दुसरी, पत्ता. जागा पुरली नाही म्हणून गंजी शेजारच्या प्लॉटवर लावली आणि त्या प्लॉटचा पॉलिसीत उल्लेखच नाही. असे दावे मी पाहिले आहेत. काही करता येत नाही.

तिसरी, चोरी. आगीच्या पॉलिसीत साधी चोरी बसत नाही. चोरीचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यातही कुलूप तोडल्याच्या, घुसल्याच्या खुणा पाहिल्या जातात. नोकरानं थोडा थोडा माल काढला तर त्याचा प्रकार आणखी वेगळा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पुरावा. एका ठिकाणी मी गेलो तेव्हा राखेत अजून धूर होता. मालक माझ्यासमोर उभा, पायात चप्पल नाही. मी स्टॉक रजिस्टर मागितलं. त्यानं जळालेल्या ऑफिसकडे बोट दाखवलं. काटापट्ट्या तिथेच, कॉम्प्युटर तिथेच, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआरही तिथेच, वितळून गेलेला. त्या माणसाचा माल खरा होता, मला दिसत होतं. सिद्ध करता करता त्याचा पुढचा हंगाम गेला. रोजच्या काटापट्टीचा फोटो घरच्या फोनवर पाठवला जात असता तरी चित्र बदललं असतं.

फायर ऑडिटचंही सांगतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यात आगीची साधनं चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. ते नुसतं फाइलला लावू नका. जुलैत एजन्सीचा माणूस आला की त्याच्याकडून मोटार चालवून घ्या, पाण्याचा झोत गंजीच्या जागेपर्यंत पोचतो का ते डोळ्यांनी पाहा.

गाठप्रेस | २३ ऑगस्ट, दुपारी २:००

फार मोलाचं लिहिलंत. डिक्लेरेशनचं उद्याच विचारतो.

बॅकअप_वर्धा | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४५

वर डीव्हीआरचा विषय निघाला म्हणून कॉम्प्युटरच्या बाजूनं लिहितो. आपल्याला वाटतं, हॅकर मोठ्यांच्या मागे असतात, आपल्या टॅलीत कुणाला रस? पण तुम्ही निशाण्यावर असायलाच पाहिजे असं नाही.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला. तो तिथल्या कंपन्यांसाठी सोडला होता, पण मर्स्क ही जहाज कंपनी आडवी झाली आणि तिचं जेएनपीटीतलं, म्हणजे आपल्या उरणजवळचं, टर्मिनलही बंद पडलं. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्यानं उभारावे लागले. कोण कोणत्या कॉम्प्युटरवर शिरू शकतो त्या मुख्य यादीच्या सगळ्या प्रती एकमेकांना जोडलेल्या होत्या, त्यामुळे एकदमच गेल्या. वाचली फक्त घानामधली एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि ती मशीन नेटवर्कबाहेर होती. त्या एका प्रतीवरून पुढचं सगळं उभं राहिलं.

आपल्यासाठी यातून घ्यायचं ते एवढंच: कॉम्प्युटरला कायम लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नाही. व्हायरस आला की तोही जातो. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक आवाराबाहेर, घरी किंवा क्लाउडवर. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. ‘बॅकअप घेतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, उघडून बघणारे फार थोडे.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. ३१ जुलै २०२४ ला सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअर (डेटा अडवून खंडणी मागणारा) हल्ला झाला म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला पेमेंट यंत्रणेतून बाजूला काढलं. तिच्यावर चालणाऱ्या देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे, सहकारी आणि ग्रामीण, यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी ते सुरू झाले, पण हा दिवस डिसेंबरात, ऐन खरेदीत आला असता तर? तुमची काही चूक नाही, तुमच्या बँकेचीही नाही, आणि फाटकावर पन्नास शेतकरी चुकाऱ्यासाठी उभे. दुसऱ्या बँकेत चालू खातं आणि त्यात एका दिवसाच्या चुकाऱ्याएवढे पैसे, हे मी नियोजनातच धरतो.

पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला, सुमारे ९४ कोटी गेले. सुरुवात शनिवारी झाली होती. चोर सुट्टी बघतो. आपल्याकडे पोळा, लक्ष्मीपूजन, होळी, या दिवशी माणसं गावाला आणि ऑफिसला कुलूप. त्या दिवशी बँकेचे मेसेज कोण बघणार हे नावानिशी ठरलेलं असावं.

दोन प्रश्न प्रत्येक मालकानं स्वतःला विचारावेत. किती दिवस बंद राहणं मला परवडेल? आणि किती दिवसांचा हिशेब हरवला तर मी तो आठवणीतून आणि पट्ट्यांवरून पुन्हा लिहू शकेन? कशावर किती खर्च करायचा ते या दोन उत्तरांवरून ठरतं. हंगामात जिनिंगला एक दिवसही परवडत नाही, आणि जूनमध्ये महिना गेला तरी चालतो. म्हणून वर्षभर सारखीच व्यवस्था ठेवायची गरज नाही.

हळद_समुद्रपूर | २३ ऑगस्ट, रात्री ८:५०

आमचा बचत गट आहे, बारा जणी मिळून वायगाव हळदीची पूड करतो, मसाले करतो. प्रदर्शनात आणि व्हॉट्सअॅपवर विक्री. आमच्यासारख्यांना कुणी हे सांगत नाही, म्हणून विचारते. मागे एका ओळखीच्या गटाचं खातंच गोठवलं गेलं. त्यांनी काही केलं नव्हतं, कुणीतरी क्यूआरवर पैसे देऊन माल नेला एवढंच. असं होऊ नये म्हणून काय करायचं?

बॅकअप_वर्धा | २३ ऑगस्ट, रात्री ९:३०

ताई, हे सध्या फार होतंय. ज्याची फसवणूक झाली तो १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो. मग पैसे कुठून कुठे गेले त्याचा माग काढला जातो आणि वाटेतल्या प्रत्येक खात्यातली ती रक्कम, कधी पूर्ण खातंच, अडवलं जातं. फसवणाऱ्यानं त्याच पैशातून तुमची हळद घेतली असेल तर तुमचं खातंही त्या साखळीत येतं. हे पूर्ण टाळता येत नाही, पण घाव लहान करता येतो. क्यूआरला वेगळं खातं ठेवा आणि त्यातले पैसे एक-दोन दिवसांत गटाच्या मुख्य खात्यात वळवा. कच्च्या मालाचे आणि कर्जाच्या हप्त्याचे पैसे क्यूआरच्या खात्यात कधीच ठेवू नका. मोठ्या ऑर्डरला बिल करा, घेणाऱ्याचं नाव आणि नंबर लिहा, माल पाठवल्याची पावती जपा. खातं अडकलंच तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि कोणत्या ठाण्याची तक्रार आहे ते लेखी घ्या, आणि ही कागदं घेऊन तिकडे अर्ज करा.

स्क्रीनशॉटवर माल देऊ नका, पैसे जमा झाल्याचं आपल्या फोनवर दिसलं पाहिजे. आणि प्रदर्शनात स्टॉल लावला की आपलाच क्यूआर आहे ना, वरून कुणी दुसरा चिकटवला नाही ना, हे रोज सकाळी स्कॅन करून नाव वाचायचं. गटातल्या एकीला हे काम देऊन टाका.

हळद_समुद्रपूर | २३ ऑगस्ट, रात्री ९:५५

खूप आभार दादा. वेगळं खातं उघडायचा ठराव पुढच्या बैठकीत मांडते. सह्या दोघींच्या लागतात, त्यांतली एक पोळ्याला माहेरी जाते, तेही आता लक्षात आलं. तिसरी सही घ्यावी लागेल.

पुसद_कृषी | २४ ऑगस्ट, सकाळी ७:४०

पाण्याचंही कुणी लिहा. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात जो पाऊस झाला त्यात आमच्या बाजारपेठेतल्या कितीतरी दुकानांत पाणी होतं. युरियाची पोती खाली फरशीवर, ती विरघळून गेली. खताचा साठा पॉस मशीनवर, म्हणजे खतविक्रीची नोंद होते त्या यंत्रावर, दिसतो आणि गोदामात तो नाही, म्हणजे पुढे तपासणीत प्रश्न. ज्यांनी घाईघाईत चिखल उपसून पोती फेकली त्यांच्याकडे काहीच पुरावा उरला नाही. ज्यांनी आधी फोटो काढले, तलाठ्यांकडून पंचनामा करून घेतला आणि कृषी विभागाला लेखी कळवलं, ते सुटले. आमच्याकडे आता जून लागला की खालचा थर लाकडी पाटांवर, कीटकनाशकं आणि बिलबुकं वरच्या फळीवर, पॉस मशीन रात्री घरी. पाण्याची जुनी खूण भिंतीवर आहे, फळी तिच्यापेक्षा वर लावली आहे.

धान_भंडारा | २४ ऑगस्ट, सकाळी ११:२०

विमा_पाहणी साहेबांना एक विचारायचं आहे. आमची राइस मिल आहे. भरडाईसाठी शासनाचं धान येतं. आवारातला बराच माल आमचा नसतोच. आमच्या पॉलिसीत तो धरलाय की नाही हे मी आजपर्यंत पाहिलं नव्हतं. आत्ता पाहिलं, फक्त ‘स्वतःचा साठा’ लिहिलंय.

विमा_पाहणी | २४ ऑगस्ट, दुपारी १२:१०

आजच एजंटला फोन करा. दुसऱ्याचा माल तुमच्या ताब्यात, तुमच्या जबाबदारीवर असेल तर तसं पॉलिसीत स्पष्ट लिहून घ्यावं लागतं आणि त्याची किंमतही एकूण रकमेत धरावी लागते. नाहीतर जळालेल्या धानाची वसुली तुमच्याकडून होईल आणि विमा कंपनी म्हणेल, हा माल तुमचा नव्हताच. भरडाईचा करार काढून जबाबदारी कुणावर टाकली आहे ते कलम वाचा, आणि त्याची प्रत एजंटला द्या. आमच्या जिनिंगवाल्यांनाही हेच लागू. दुसऱ्याचा कापूस पिंजून देत असाल, कुणाच्या गाठी ठेवून घेतल्या असतील, तर त्याही. बदल करून घेतल्याचं पत्र हातात येईपर्यंत नवीन धान उतरवू नका, जमत असेल तर.

धान_भंडारा | २४ ऑगस्ट, दुपारी १२:४०

एजंटशी बोललो. करार स्कॅन करून पाठवला आहे. शुक्रवारी बँकेच्या माणसासोबत तो मिलवर येतोय, साठ्याची मोजणी पण तेव्हाच करून घेतो.